बारावं कलम

धरणेंद्र चौगुलेला हळद कळत नव्हती. सांगलीच्या पेठेत ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा बाप. आणि बाप तर केव्हाच गेला होता. तिसरंही एक माणूस होतं, पण ते त्याला फार उशिरा समजलं.

बाप, भाऊसो चौगुले, पेठेतला नावाजलेला पारखी. हरिपूरच्या बाजूला जमिनीत खोल खणलेली पेवं आहेत, त्यांत वर्ष-वर्ष हळद पुरून ठेवतात. पेव उघडायचं म्हटलं की आधी भाऊसोंना बोलावणं जाई. ते मूठभर हळकुंडं उचलत, एक मोडत, दुसरं तिसऱ्यावर आपटून कानाशी धरत, आणि डोळे मिटून सांगत, ही हळद कुठल्या प्रतीची. सौदा त्यांच्या शब्दाबाहेर फारसा जात नसे. लहानपणी धरणेंद्रनं शंभरदा विचारलं असेल, "बाबा, कशावरनं कळलं?"

"कळलं."

"पण कशावरनं? रंगावरनं, का आवाजावरनं?"

"आरं, हळदीवरनं कळलं."

याच्यापुढे उत्तर कधी गेलं नाही. धरणेंद्र मुठी भरभरून हळकुंडं बघे, मोडे, वाजवे. त्याला ती सगळी हळदच वाटे.

बापाच्या शेवटच्या आजारात ते काम त्याच्याकडे आलं. त्यानं गुपचूप एक तक्ता केला. रंगाला इतके गुण, मोडीला इतके, वासाला इतके, वजनाला इतके. कीड दिसली की वजा. बेरीज करायची आणि बापासारखे डोळे मिटून सांगायचं. बऱ्याचदा जमे. अंथरुणावरच्या बापाच्या हाती तो तक्ता लागला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "हळद मार्कांनी पास होत न्हाई रं धरण्या."

बाप त्यानंतर दोन महिन्यांत गेला. वाक्य मात्र राहिलं. पारख ही काही दैवी देणगी नव्हे, ती कलमाकलमानं कागदावर मांडता येते, हे धरणेंद्रला कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं. ज्याला दाखवायचं तो उरला नव्हता, म्हणून ती गरज संपण्याऐवजी वाढतच गेली.

१९७२ सालच्या त्या पावसाळ्यात सगळ्या जगाला बुद्धिबळाचं वेड लागलं होतं. आइसलंडमध्ये चाललेल्या सामन्याच्या चाली रोज पेपरात येत. सांगलीत या खेळाचा नाद जुनाच. पानाच्या दुकानावरसुद्धा लोक वजीर का हलवला यावर भांडत. त्याच दिवसांत धरणेंद्रच्या वाचनात एक लेख आला. परदेशात म्हणे गणकयंत्रं बुद्धिबळ खेळतात. यंत्राला खेळ कळत नाही. ते प्रत्येक शक्य चाल करून बघतं, त्या मांडणीला गुण देतं आणि जास्त गुणांची चाल निवडतं.

धरणेंद्रनं तो लेख तीनदा वाचला. त्याला वाटलं, हा तर माझाच तक्ता.

गणकयंत्र सांगलीत कुठून येणार? पण लेखात असंही होतं की यंत्राचे नियम कागदावर लिहून एखाद्या माणसानं ते मुकाट पाळले, तर तो माणूसच यंत्र होतो. अट एकच. माणसानं आपलं डोकं मध्ये घालायचं नाही.

असं माणूस घरातच होतं.

पद्मावती, त्याची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणे. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि कडेगावाहून ती माहेरी परत आली ती कायमची. धरणेंद्रची बायकोही पहिल्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. भाऊ-बहीण दोघंच घरात. अक्का सकाळी जैन बस्तीत, म्हणजे देवळात, जाई, जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत दोघांचं जेवण उरके, आणि मधल्या वेळात धान्य निवडी, पाखडी. चौथी शिकलेली, पण हिशेबाला पक्की, आणि सांगितलं तेवढंच करणारी. निदान धरणेंद्रची तशी समजूत होती.

"अक्का, तुला मोहरी कशी चालतात तेवढं शिकवतो. खेळ शिकायचा न्हाई."

"खेळ न शिकता मोहरी कशी चालवायची रं?"

"मी लिहून देतो तसं. तू फक्त मोजायचं."

त्यानं अकरा कलमं लिहिली. पहिलं मोहऱ्यांच्या मोलाचं: प्याद्याला एक, घोड्या-उंटाला तीन-तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ, समोरचा लगेच जे मारू शकेल ते वजा. मग मोहऱ्यांना किती घरं मोकळी, पटाच्या मध्यावर कुणाचा ताबा, राजापुढं प्याद्यांचं छत्र आहे का, एकापुढं एक अडकलेली प्यादी, एकटं पडलेलं प्यादं, पुढं निसटलेलं प्यादं, हत्तीला मोकळी पट्टी, उंटांची जोडी, असं करत करत अकरा. आणि दोन चालींचे गुण सारखेच आले तर? धरणेंद्रनं चिंचोके फोडून त्यांच्या डाळी केल्या, एक अंग पांढरं, एक काळं, आणि त्या पितळेच्या डबीत घालून अक्काला दिल्या. सारखे गुण आले की दोन-दोन चालींची जोडी लावायची, चिंचोका टाकायचा, जिंकेल ती चाल पुढं. वहीत त्यानं हे बारावं म्हणून लिहिलं खरं, पण ते कलम त्याच्या हिशेबात नव्हतं. ते कलमांची सोय होती, दाराला कडी असते तशी.

आता यंत्राशी खेळायला कुणीतरी हवं होतं. जोतीराम हा गोदामावरचा पहारेकरी. पाटणकडचा, फौजेत हवालदार होऊन आलेला, खेळ तिथंच शिकलेला. तो फार चांगलाही खेळत नसे आणि फार वाईटही. धरणेंद्रला असाच माणूस पाहिजे होता.

"तुमचा खेळ रोज सारखा असतो," धरणेंद्र म्हणाला. "म्हणून तुम्ही बरे. माप कसं बदलता कामा नये."

"म्हंजे मी किलोचं वजन व्हय?" जोतीराम खदखदून हसला. "चालतंय की. पन अण्णा, वजनाला च्या मिळंल का?"

मग दर रविवारी दुपारी बैठक भरू लागली. जोतीराम बाहेर सोप्यात, पट मांडून. आत माजघरात अक्का, दुसरा पट, पाटी आणि चिंचोक्यांची डबी घेऊन. फौजेतल्या सवयीनं जोतीराम आपली चाल हुकूम दिल्यासारखी मोठ्यानं सांगे, "घोडा, राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात!" ती आत ऐकू जाई. आतली चाल धरणेंद्र चिठ्ठीवर घेऊन येई. सुरुवातीला एका चालीला तासभर लागे. एक डाव तीन-तीन रविवार चाले. माजघरातून पाटीवरच्या पेन्सिलीची कुरकुर आणि चिंचोके पडल्याचा टकटक आवाज येत राही.

पहिल्या वर्षी यंत्र सगळे डाव हरलं.

"तुमचं मशीन लय गरीब हाय," जोतीराम म्हणे. "मारलं तरी आवाज करत न्हाई."

धरणेंद्रला हरण्याचं दुःख नव्हतं. त्याला शोधायचं होतं की या अकरांतलं बळ कशात आहे. हळदीच्या तक्त्यात त्याला ते कधी तपासता आलं नव्हतं. पेव एकदा उघडलं की उघडलं, तीच हळद दुसऱ्यांदा विकता येत नाही. डाव मात्र पुन्हा मांडता येतो. त्यानं पद्धत ठरवली. एक कलम काढून टाकायचं, दहा डाव खेळायचे. यंत्र दुबळं झालं तर ते कलम कामाचं, नाही झालं तर बिनकामाचं.

त्यानं एकट्या प्याद्याचं कलम काढलं. यंत्र दुबळं झालं नाही. दहांपैकी दोन डाव बरोबरीत सुटले.

अडकलेल्या प्याद्यांचं काढलं. यंत्रानं पहिल्यांदा डाव जिंकला. जोतीराम पटाकडे बघत बराच वेळ मिशी ओढत बसला. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "व्हय रं बाबा. हुशार झालायस."

त्यानंतर दर दहा-बारा डावांनी एक कलम गळत गेलं आणि दर वेळी यंत्र थोडं अधिकच नेटानं खेळू लागलं. धरणेंद्रची झोप उडाली. हत्तीची मोकळी पट्टी, उंटांची जोडी, मध्यावरचा ताबा, ज्या गोष्टींवर पानाच्या दुकानात लोक जीव टाकत, त्या सगळ्या ओझं ठरत होत्या. सरतेशेवटी त्यानं मोकळ्या घरांचंही कलम काढलं. आता तीनच उरली: मोहऱ्यांचं मोल, राजाचं छत्र, निसटलेलं प्यादं. आणि त्या तिघांच्या जोरावर यंत्रानं जोतीरामला दहांपैकी आठ डावांत हरवलं. चालीही भराभर येऊ लागल्या. कलमं कमी, मोजणी कमी, म्हणून वेळ वाचतोय, असं धरणेंद्रला वाटलं.

एका रविवारी जोतीराम उठताना म्हणाला, "अण्णा, एक इचारू? मशीन वाट बघतं का वो?"

"कसली वाट?"

"परवा माझा हत्ती फुकट मिळत हुता, दोन चालींनी. मशीननं घाई केली न्हाई. माझ्या घोड्याची वाट बघत बसलं. फौजेत आमचा एक सुभेदार असा खेळायचा. लय सोसायचा, मग गळ्यालाच हात."

"राजाच्या छत्राचं कलम," धरणेंद्र म्हणाला. "त्याचा परिणाम."

जोतीरामनं मान डोलवली. आतल्या दाराशी जाऊन तो जरा मोठ्यानं म्हणाला, "जातो अक्का. आज लय मारलंसा." आत पाटीवरचा हात थांबला. धरणेंद्रला तो विनोद वाटला.

सत्याहत्तर साल सरता सरता त्यानं साठ पानांचं टिपण लिहिलं, 'बळ तीन कलमांत आहे', आणि इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मानसिंग सरांना नेऊन दाखवलं. मानसिंग सर साताऱ्याचे. मुंबईला गणकयंत्र डोळ्यांनी पाहून आलेले. त्यांनी टिपण दोन दिवस ठेवून घेतलं.

"चौगुले, हे खरं असेल तर फार मोठं आहे," ते म्हणाले. "लोक नियम वाढवत चाललेत, तुम्ही कमी करताय. गुण सारखे आले तर काय करता?"

"चिंचोका टाकतो."

सर हसले, धरणेंद्रही हसला. विषय तिथंच संपला.

साताऱ्यात सरांच्या ओळखीचं बुद्धिबळ मंडळ होतं. माघ महिन्यातल्या एका रविवारी तिथं जाहीर प्रयोग ठरला. यंत्राविरुद्ध मंडळाचे लालासाहेब खेळणार होते, निवृत्त पोस्टमास्तर, गावातले बरे खेळाडू. जोतीरामपेक्षा सरस, पण फार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अक्कानं पेटी उघडून ठेवणीतलं पांढरं पातळ काढलं होतं. ताटं मांडताना तिनं विचारलं, "साताऱ्याला मी येऊ का रं?"

"कशाला?"

"बघायला. डाव. मोठी माणसं खेळतात कशी."

"अक्का," धरणेंद्र समजावणीच्या सुरात म्हणाला, "यंत्र म्हणजे काय? की ते कुणीही चालवावं. सरांच्या हाताखालचा बिराप्पा येणार आहे, कारकून. त्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. तेच पाहिजे. तूच लागलीस तर मग ते यंत्र कसलं?"

"बिराप्पा चिंचोके टाकंल?"

"चिंचोके कुणीही टाकतंय."

थोड्या वेळानं तिनं पातळ परत पेटीत ठेवलेलं त्यानं पाहिलं. पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीची वेळ आठवू लागला.

साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली होती. मानसिंग सरांनी भाषण केलं. बिराप्पा पाटी घेऊन, धुतलेला सदरा घालून, परीक्षेला बसल्यासारखा बसला. त्यानं एकही चूक केली नाही. तिन्ही कलमं मोजली, सारख्या गुणांच्या चाली खाली उतरवल्या. पहिल्याच चालीला त्या वीस निघाल्या, कारण अजून कुणाचं काही मारलं जात नव्हतं. त्यानं जोड्या लावल्या. चिंचोका टाकला, पुन्हा टाकला. लोक जांभया देऊ लागले. अखेर कडेचं प्यादं एक घर पुढं गेलं.

दुसऱ्या चालीला दुसऱ्या कडेचं. पुढं हत्ती एक घर पुढं आला, मग परत आपल्या घरी. घोडा बाहेर पडला आणि चिंचोक्यानं त्याला पटाच्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. लालासाहेब आधी गंभीर होते, मग बुचकळ्यात पडले, मग त्यांना हसू आवरेना.

"यंत्राला कंदी पेढा द्या रं कुणीतरी," मागून आवाज आला, "उपाशी दिसतंय."

"न्हाई गड्या, लाजतंय ते. नवं हाय साताऱ्यात."

सतराव्या चालीला मात झाली. दुसरा डाव चौदाव्या चालीतच आटोपला. मानसिंग सर धरणेंद्रकडे न बघता म्हणाले, "तिसरा नको. लोकांना घरी जाऊ द्या." लालासाहेबांनी सभ्यपणानं हात मिळवला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो." त्या सभ्यपणाचा त्याला हसण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

रात्र त्यानं सरांच्या साताऱ्यातल्या घरी काढली आणि सोमवारी दुपारची गाडी धरली. कराडपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बिराप्पाला चिंचोके टाकायला एवढा वेळ लागला. घरी कधीच एवढा वेळ लागला नव्हता. आणि टकटक आवाज? तो शेवटचा कधी ऐकला? कराडच्या स्टँडवर त्यानं आठवून पाहिलं, पेठ नाक्याला आठवून पाहिलं. आठवला तो आवाज पहिल्या वर्षाचाच होता.

घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्कानं ताटं वाढून ठेवली होती. त्याच्या तोंडाकडे बघून तिनं नुसता हात पुढं केला. त्यानं चालींचा कागद दिला. ती उभ्या उभ्या वाचत गेली. पट नव्हता, मोहरी नव्हती. ती नुसती वाचत होती आणि मध्येच तिचं कपाळ आखडत होतं.

"इथं हत्ती का हलवला ह्यानं? घोडा मोकळा करायचा सोडून?"

"चिंचोका तसा पडला."

अक्कानं कागद हळूच खाली ठेवला.

"अक्का, तू चिंचोके टाकत होतीस का?"

"पयल्या वर्षी टाकले." ती चुलीकडे बघत म्हणाली. "मग न्हाई. गुण सारखे असायचे रं, पन चाली सारख्या नसायच्या. एक चांगली असायची. चांगली दिसत असताना वाईट चाल उचलायला जीव व्हईना. मला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतंय."

त्यानंतर धरणेंद्र जे बोलला ते त्याच्या तोंडून कसं निघालं हे त्याला पुढं कित्येकदा आठवून पाहावं लागलं. साडेपाच वर्षं माझ्याशी खोटं वागलीस, म्हणाला. माझं सगळं काम नासवलंस. गावासमोर माझं हसं केलंस. अक्का एक शब्द बोलली नाही. आणि ती बोलत नव्हती म्हणूनच बहुधा तो शेवटचं वाक्य बोलला:

"तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं होतं? तुझं काम मोजायचं. खेळायचं न्हाई!"

तेवढ्यात बाहेर दिवस मावळला. आता जेवता येणार नव्हतं. वाढलेली ताटं अक्कानं झाकून उचलली, आणि दोघं उपाशीच राहिले.

दुसऱ्या दिवशी ती बस्तीतून नेहमीपेक्षा उशिरा आली. भाकरी थापता थापता, मीठ संपलंय असं सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं, "आज नेम घेतला. आजन्म पटाला हात लावणार न्हाई."

अक्काचे नेम धरणेंद्रला ठाऊक होते. नवरा गेला त्या साली तिनं साखर सोडली होती. वीस वर्षांत तिच्या जिभेला साखर लागली नव्हती, तापातसुद्धा नाही. देवापुढं घेतलेला नेम मोडत नाहीत. दुसऱ्याला मोडायला सांगणं हे तर त्याहून मोठं पाप. त्याला त्या वेळी बरंच वाटलं. झालं ते योग्य झालं, असंच वाटलं.

उन्हाळ्यात त्यानं डाव उतरवलेल्या जुन्या वह्या काढल्या. हेतू साधा होता: कुठले डाव खोटे, कुठले खरे, हे वेगळं करावं, जे खरे उरतील त्यांवर पुन्हा उभं राहावं. प्रत्येक मांडणी पटावर लावायची, गुण मोजायचे, सारख्या गुणांच्या चाली लिहून काढायच्या आणि अक्कानं त्यांतली कुठली उचलली ते बघायचं. रोज संध्याकाळी तो हेच करी. पहिल्या आठवड्यातच त्याला कोडं उलगडलं. एक कलम काढलं की सारख्या गुणांच्या चाली वाढत. त्या वाढल्या की चिंचोक्याचं काम वाढे, म्हणजे अक्काचं. तो कलमं काढत गेला आणि तिला जागा होत गेली. साडेपाच वर्षं त्यानं अकरांतलं एकेक कलम काढून तपासलं. काढून पाहायचं मनातही आलं नाही ते फक्त बारावं.

पण कोडं उलगडल्यावरही तो वह्या मिटेना. आता तो चाली बघत होता. पंधरा सारख्या चालींतून तिनं उचललेली एक. त्याला आधी ती मुकाट, बिनमहत्त्वाची वाटे. चार चालींनंतर कळे की सगळा डाव तिच्याभोवती फिरला. एके ठिकाणी तिनं उंट नुसता परत नेला होता. धरणेंद्र त्या मांडणीपुढं तीन संध्याकाळी बसला. तिसऱ्या दिवशी त्याला समजलं की जोतीरामचा वजीर तिथंच अडकला होता, कुणाला न कळता. तिनं हे कशावरून ओळखलं? विचारलं असतं तर काय म्हणाली असती, ते त्याला ठाऊक होतं. कळलं, म्हणाली असती.

तेव्हा त्याला एक जुनी गोष्ट आठवली. पेवाच्या तोंडाशी बाप बसलेला. शेजारी परकरातली अक्का. बाप तिच्या ओंजळीत हळकुंडं टाकतो आणि म्हणतो, "बोल पद्मा." ती काहीतरी बोलते, बाप हसतो. धरणेंद्रला वाटे, बाप लेकीचे लाड करतोय. मुलीच्या जातीला पेठेत कोण उभं करणार? तिचं लग्न झालं, आणि जागा धरणेंद्रकडे आली. आपल्याला हळद कळत नाही, हे तिनं केव्हाच ओळखलेलं असणार.

त्यानं उठून फडताळातली पितळेची डबी काढली. चिंचोक्यांच्या डाळी तशाच होत्या. पांढरं अंग पांढरं, कडा धारदार, जवळजवळ फोडल्या दिवसासारख्या. साडेपाच वर्षं दर रविवारी हातात खेळलेला चिंचोका गुळगुळीत होतो, पिवळट पडतो, हे पोरालाही कळेल. हळकुंडाच्या सालीवरून पेव किती जुनं हे सांगणारा पारखी होता तो. निदान पेठेत तसं म्हणत. डबी एवढी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं होती.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी लहान-थोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. धरणेंद्रनं महिनाभर मनात शब्द जुळवले होते. आंघोळ करून तो बाहेर आला, तर अक्का दारातच हात जोडून उभी.

"कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा कर रं."

हेच ती शेजारणीला म्हणणार होती, दूधवाल्याला म्हणणार होती. "क्षमा," तो म्हणाला. दुसरं काही म्हणताच येत नाही. मग त्यानंही हात जोडले आणि त्याचे सगळे जुळवलेले शब्द त्या एका ठरलेल्या वाक्यात बुडून गेले. "क्षमा," अक्का म्हणाली आणि पूजेचं तबक घेऊन बस्तीकडे निघाली.

दुपारी त्यानं धीर केला. "अक्का, तू पटाला हात लावणार नाही म्हणालीस. चाल सांगायला हात कशाला लागतो? तू आतून सांग, मोहरी मी हलवतो."

ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ खडे शोधत राहिली.

"नेमात पळवाट बघू न्हाई, धरण्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी करता आलं असतं.

जोतीराम पुन्हा रविवारी येऊ लागला. आता दोघं सोप्यात समोरासमोर खेळत. यंत्राचा विषय निघत नसे. एकदाच तो म्हणाला, "मला पयल्यापास्नं ठावं हुतं, अण्णा. मी कुनासंगं खेळतोय ते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंसा कवा? तुमी मला किलोचं वजन केलंसा. वजन कुठं बोलतंय व्हय?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "आनि बोललो असतो तर तुमी तवाच बंद केलं असतंसा."

तो आपली चाल अजूनही मोठ्यानं सांगतो, खरं तर पूर्वीपेक्षाही मोठ्यानं, आतल्या दाराकडे तोंड करून. आत अक्का पाखडत असते. सुपाचा आवाज एकसारखा येत राहतो.

"वजीर, राजाच्या हत्तीच्या पाचव्या घरात!" परवाच्या रविवारी जोतीराम गरजला.

धरणेंद्रनं पट पाहिला. राजावर नजर होती, प्याद्यावर मार होता. सगळी कलमं त्याला आता पाठ होती. त्यानं मनाशी मोजलं आणि हत्तीला बोट लावलं. "हत्ती मागं घेतो," तो म्हणाला.

आतलं सूप थांबलं.

त्यानं हात मागं घेतला. जोतीरामही पटाकडे बघायचं सोडून दाराकडे बघत होता. घरात कुठलाच आवाज नव्हता. म्हणजे चाल होती कुठंतरी, या चौसष्ट घरांतच, त्याच्या डोळ्यांपुढं. त्यानं घोड्याकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं, प्रत्येक प्याद्याकडे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. सगळी मोहरी त्याला मोहरीच दिसत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर त्यानं हत्तीच मागं घेतला.

मग सूप पुन्हा वाजू लागलं.